गल्ल्यातली हत्था जोडी आणि आबांचे पारधीचे नियम

वेल्ह्याची_लेक (धायरी)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण घरात त्याचं उत्तर मिळेना म्हणून इथे मांडतेय. जरा लांबण लागेल.

आमच्या धाकट्या दिरांनी सिंहगड रस्त्याला हार्डवेअरचं दुकान टाकलं. पूजेला माझे वडील, म्हणजे आबा, वेल्ह्याहून आले होते. पूजा आटोपली, पानं घ्यायची तयारी चालली होती. तेवढ्यात भाऊजी आबांना कौतुकाने गल्ला दाखवायला घेऊन गेले. गल्ल्यात चांदीची डबी, डबीत शेंदूर, शेंदरात लवंगा-वेलदोडे आणि मधोमध एक काळपट वस्तू, दोन हात जोडल्यासारखी. हत्था जोडी. दूरच्या जंगलातली दुर्मिळ मुळी आहे, मुहूर्तावर काढलेली आहे, धंद्याला बरकत येते, असं सांगून कुणीतरी भाऊजींना बऱ्यापैकी पैशांना दिलेली.

आबांनी ती दोन बोटांत धरली. अंगठ्याने शेंदूर पुसला, दारापाशी उजेडात नेली, उलटीपालटी करून पाहिली. टोकाकडच्या बारीक वळ्यांवरून नख फिरवलं. म्हणाले, "ही मुळी नाही. मुळीला रेषा असतात, हे कातडं आहे. घोरपडीच्या नराची आहे." डबीत परत ठेवली, बाहेरच्या नळावर साबण लावून हात धुतले आणि जेवायला बसले नाहीत. पाणी घेतलं फक्त. व्याही दारात येऊन न जेवता गेले म्हणून सासूबाईंच्या मनाला लागलं ते लागलंच.

भाऊजींचं म्हणणं असं: "वहिनी, आबा स्वतः पारधीला जायचे ना? ससा, डुक्कर, भेकर सगळं खाल्लंय त्यांनी. मग एका डबीचं एवढं काय?" या प्रश्नाला मला एका वाक्यात उत्तर देता येईना. उत्तर आहे, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कारण आबांच्या पारधीच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी आबा ऐन तारुण्यात होते. तोरण्याच्या बाजूचं आमचं गाव, भाताची खाचरं, डुकरांचा त्रास. गाव मिळून पारध निघायची. मेंगाईदेवीपुढे नारळ फुटल्याशिवाय कुणी काठी उचलायची नाही. जाणता माणूस गाऱ्हाणं घालायचा की तुझ्या रानातलं तू देशील तेवढंच घेऊ, पोरांना काट्याकुट्यातनं सुखरूप परत आण. हाकेकरी एका अंगाने रान उठवणार, ठासणीची बंदूक असलेला एखादा खिंडीत बसणार, सशांसाठी वाघूर, म्हणजे जाळं, लावलेली. आणि सावज देवराईच्या हद्दीत शिरलं की हाका तिथेच बंद. कुत्र्यांना शीळ घालून मागे घ्यायचं. जखमी असलं तरी आत जायचं नाही का, असं मी लहानपणी विचारलं होतं. आबा म्हणाले, आत जायचं, पण बंदूक आणि वहाणा बाहेर ठेवून. म्हणजे शोधायचं ते त्याचे हाल थांबवायला, शिकार साधायला नाही.

पाण्यावर आलेल्या जनावरावर नेम धरायचा नाही. वणव्यातून पळणाऱ्यावर नाही. गाभण मादीवर नाही, पाठीमागे पिल्लू असेल तर नाही. पावसाळ्यात वाघूर खुंटीवरून काढायचीच नाही. रानात वाघाचं नाव घ्यायचं नाही, रात्री सापालाही 'लांबडं' म्हणायचं. पडलेलं सावज ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. आणि गावात आल्यावर 'मी मारलं' अशी फुशारकी मारली तर म्हातारी माणसं तिथल्या तिथे गप्प करायची.

वाटे दगडावर पडायचे. हाकेकऱ्यांचे सारखे, कुत्र्यांचा वेगळा, आणि ज्या घरात कर्ता माणूस नाही त्या घरचा वाटा आधी काढून ठेवायचा. ज्याच्या हातून पडलं त्याला मुंडकं, बाकी काही जास्त नाही.

एकदा खिंडीत बसलेल्या एकाने घाईत भेकर पाडलं. सोलताना पोटात पिल्लू निघालं. कुणी भांडलं नाही, दंड नाही, काही नाही. ते पिल्लू फडक्यात गुंडाळून पुरलं. पुढच्या वर्षी त्या गृहस्थांना पारधीला बोलावलं, वाटाही दिला, पण खिंडीत बसायची जागा पुन्हा कधी दिली नाही. आबा सांगतात, रानाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, मग आम्ही त्याला पुढे कसं बसवणार?

आता माझे प्रश्न. तुमच्या घरच्या जुन्या माणसांकडून असं काही ऐकलंय का, की हे आमच्या गावापुरतंच होतं? भाऊजींना हे कसं सांगावं? ते भाविक आहेत, कष्टाळू आहेत, त्यांना दुखवायचं नाहीये. आणि त्या डबीचं करायचं काय?

---

रानवाचक (औंध)

ताई, आधी डबीचं बोलते. आबांनी ओळखलं ते बरोबर आहे. हत्था जोडी म्हणून जे विकतात ते नर घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय. सरड्या-घोरपडींच्या नरांना ते जोडीने असतं, म्हणून दोन हात जोडल्याचा आकार. २०१७ साली वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांनी हे चव्हाट्यावर आणलं, तोवर नावाजलेल्या ऑनलाइन दुकानांतसुद्धा ती 'दुर्मिळ मुळी' म्हणून राजरोस विकली जात होती. त्याच नावाचं एक खरं झुडूपही आहे, त्यामुळे गिऱ्हाईक सहज फसतं. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्याही निघाल्या आहेत. म्हणजे तुमच्या दिरांनी जाणूनबुजून काही केलेलं नाही, हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.

आता आबांच्या नियमांविषयी. मी पुणे विद्यापीठात मानवशास्त्र शिकले, त्यामुळे तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. गाभण मादीची गोष्ट तुमच्या गावापुरती नक्कीच नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी आपल्याकडच्या फासेपारध्यांबद्दल नोंदवलंय की फाशात हरणाचं पाडस किंवा गाभण मादी अडकली तर ते तिला सोडून देत. पोट त्याच फाशांवर भरत होतं, तरी. आणि याच समाजाला इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं. मनातून अजून पुसलेला नाही. शिकारीत धर्म पाळणारे म्हणून या लोकांचं नाव घ्यावं, असं मला फार वाटतं.

देवराईचंही तसंच. गाडगीळ आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या सह्याद्रीतल्या देवराया फिरून नोंदवल्या. वेल्हे, मुळशी, भोर या पट्ट्यात त्या आजही आहेत. देवाच्या रानातली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही ही रीत आपल्याला माहीत असते, पण सावजालाही तिथे अभय होतं हे तुमच्यामुळे इतकं स्पष्ट वाचलं.

वाघाचं नाव न घेणं आणि फुशारकी न मारणं वाचून तर मी थबकले. अलास्कातले कोयुकोन लोक अस्वलाच्या बाबतीत अगदी हेच पाळतात. मी अस्वल मारणार किंवा मारलं असं उघड बोलायचं नाही, आडवळणाने सांगायचं, कारण अस्वलाला ऐकू जातं अशी त्यांची श्रद्धा. जनावराची टिंगल केली, मांस नासवलं, तर त्या माणसाचं शिकारीचं भाग्य जातं, कधी कधी वर्षानुवर्षं. कॅनडातल्या क्री जमातीचे शिकारी बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची हाडं कुत्र्यांना टाकत नाहीत, पाण्यात परत सोडतात, आणि अस्वलाची कवटी झाडावर बांधतात. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालत. बिचारं खाऱ्या पाण्यात जन्म काढतं, तहानलेलं असतं, आणि नीट पाहुणचार झाला तर पुन्हा येतं, म्हणून.

तुमच्या भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. या सगळ्या ठिकाणी भाग्य हे रानाने माणसाला दिलेलं उधार असतं. ते टिकवायला माणसाला रोज काहीतरी सोडावं लागतं: मांसाचा वाटा, पावसाळ्याचे महिने, खिंडीतली जागा. डबीतल्या वस्तूने तुमच्या दिरांकडून पैशांपलीकडे काहीच मागितलं नाही. त्या घोरपडीला कुणी पाहिलं नाही, तिच्यासाठी कुणी नारळ फोडला नाही, तिचं मांस कुणाच्या पोटात गेलं की फेकून दिलं हेही कुणाला ठाऊक नाही. आबांना किळस आली ती मेलेल्या जनावराची नसावी.

---

चाकण_श्टुटगार्ट

नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत होतो. तिथला एक सहकारी परवानाधारक शिकारी. परवाना मिळवायला लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अशी मोठी परीक्षा द्यावी लागते, आणि हरणं किती मारायची याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्याच्याबरोबर एकदा हिवाळ्यात गेलो होतो, बंदुकीला हात न लावता.

हरीण पडल्यावर तो लगेच जवळ गेला नाही. थांबला. मग टोपी काढली, जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली. त्याला ते लोक 'शेवटचा घास' म्हणतात. दुसरी डहाळी रक्ताला टेकवून ज्याने नेम धरला त्याच्या टोपीत खोचतात. दिवस मावळताना सगळी जनावरं ओळीने मांडली, प्रत्येक जातीसाठी शिंगावर वेगळी धून वाजवली. मी पलीकडच्या बाजूला जायला पाय उचलला तसं त्याने दंडाला धरून मला मागे ओढलं. ओळ ओलांडायची नाही, वळसा घाल म्हणाला.

ताई, तुमच्या आबांचं ते वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. तोरणा कुठे, जर्मनीतलं श्वाबेन कुठे. आपल्याकडे झोपलेल्या माणसालासुद्धा ओलांडत नाहीत, त्यामुळे मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

---

कडूगोड (सहकारनगर)

माझं मत वेगळं आहे, आणि राग मानू नका. मेलेल्या भेकराला तुम्ही ओलांडलं काय नि वळसा घातला काय, त्याला काय फरक पडला? नारळ, डहाळी, गोडं पाणी हे सगळं मारणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी. एवढे सगळे नियम होते तर रान रिकामं कसं झालं? चित्ता देशातून गेला. माळढोक बोटावर मोजण्याइतके राहिले. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून काळवीट मारत होते, त्यांच्याकडेही देव आणि मुहूर्त होतेच. मी १९७२ च्या कायद्याला मानतो, गाऱ्हाण्याला नाही.

---

वेल्ह्याची_लेक

राग नाही आला. हा प्रश्न मी स्वतः आबांना विचारलेला आहे, त्यामुळे त्यांचंच सांगणं लिहिते.

ते म्हणतात, रान रिकामं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते जीपगाड्या आल्यावर. पुण्याहून हौशी लोक रात्री यायचे, गाडीवरून बॅटरी मारायचे. उजेडात सशाचे डोळे चमकतात आणि ससा जागचा हलत नाही, तसाच बसून राहतो. बार टाकायचा, पुढे जायचं. एका रात्रीत पोतं भरायचं. निम्मं उचलायचे, निम्मं तसंच पडलेलं. वाटा कुणाचा, देवराई कुठली, गाभण कोण, हे अंधारात बघणार कोण? गावातल्या दोघा-तिघांनी पैसे घेऊन त्यांना वाटा दाखवल्या, याचं आबांना अजून दुःख आहे. त्या सुमारास त्यांनी पारध सोडली, कायदा आमच्या गावात नंतर पोचला. कायदा हवाच होता असंच ते म्हणतात.

आत्ता डुकरांसाठी काय चालतं ते तर याहून भयंकर आहे. कणकेत स्फोटक भरून ठेवतात, डुकराने चावलं की जबडा फुटतो आणि ते तसंच दोन-दोन दिवस रानात हिंडतं. मोटरसायकलच्या क्लच वायरचे फास लावतात, त्यात बिबटे अडकतात. शेताचं नुकसान खरं आहे, आमचंही होतं. पण म्हणून हे?

तेव्हा, जनावराला फरक पडतो, कडूगोड. गाभण भेकर सुटलं तर ते सुटतं. जखमी जनावराचा माग काढून हाल संपवले तर हाल संपतात.

---

आंबेगावकर

आम्ही भीमाशंकरच्या खोऱ्यातले महादेव कोळी. आमच्याकडे वाघबारस असते, तुमच्या वसुबारसेच्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला. गुराखी पोरं घरोघर शिधा गोळा करतात, रानात वाघोबापाशी खीर शिजते, पोरं वाघ-अस्वलाची सोंगं घेतात. वाघोबा म्हणजे दगडावर कोरलेला वाघ, कुठे नुसताच शेंदूर लावलेला दगड. मागणं एवढंच की गुरांना सांभाळ, आम्ही तुझ्या वाटेत येत नाही.

आता जुन्नर-शिरूरकडे उसात बिबटे वाढलेत, माणसं गेलीत, लोकांचा राग खोटा नाही. ज्याचं लेकरू गेलं त्याला वाघोबाची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण आमच्या आईने बिबट्याने शेळी नेली तेव्हा शिवी दिली नव्हती. म्हणाली, त्याचा वाटा घेऊन गेला.

ताई, भाऊजींना वाघबारशीला आमच्याकडे घेऊन या. देव मानणाऱ्या माणसाला देव दाखवलेला पटतो.

---

कायद्याचं_बोला

कामाचं तेवढं सांगतो. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तिचा कोणताही अवयव बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. 'मुळी समजून घेतली' हा बचाव न्यायालयात मांडता येईल, पण आता कळल्यावरही ठेवली तर तोही राहणार नाही.

मुठा नदीत सोडू नका, जाळू नका, कुणाला देऊ नका. तुमचे भाऊजी 'विकून टाकतो' म्हणाले तर आधी त्यांना थांबवा. वकिलाला बरोबर घेऊन वनविभागाकडे लेखी अर्जासह जमा करा आणि कुठून घेतली तेही सांगा. आपणहून गेलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. आणि हो, डबीचे फोटो इथे टाकू नका.

---

वेल्ह्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊजींना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. रानवाचक, तुमचा "जाणूनबुजून काही केलेलं नाही" हा भाग ऐकल्यावर ते सैल झाले, त्याआधी नुसते जमिनीकडे बघत होते. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "सिंहगडाच्या पायथ्याशी राहतो, पोरांना यशवंतीची गोष्ट सांगतो, आणि गल्ल्यात हे." वकिलांची वेळ घेतली आहे, सोमवारी जातील. ज्याने विकली त्याचं नाव सांगायलाही ते तयार आहेत.

आबांना फोनवर फासेपारध्यांची नोंद सांगितली. त्यांनी ती लगेच मान्य केली. त्यांच्या लहानपणी पारध्यांची पालं उन्हाळ्यात पठारावर पडायची आणि शिकवलेल्या बैलाच्या आडून ते कसे सरकत जायचे हे त्यांनी पाहिलंय. सीलच्या तोंडात पाणी घालतात हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. आंबेगावकर, वाघबारशीला आम्ही येतो, आबांनाही आणते.

आता मी त्यांच्याकडून सगळं नीट लिहून घ्यायला बसलेय. एका ठिकाणी अडलंय. कुत्र्यांचा वाटा कोणत्या भागाचा काढायचा यावर आबा आणि माझे चुलते यांचं जुळत नाही. आबा म्हणतात फुप्फुस आणि खूर, चुलते म्हणतात कुत्र्याने पहिल्यांदा धरलं असेल तर मागच्या फऱ्यातला तुकडा, आणि तोही शिजवून. भोर-मुळशी-मावळकडे कुणाच्या घरी अजून सांगणारं माणूस असेल तर विचारून लिहाल का?